संक्रमणपदवीतील सामान्य शिक्षण : कॅलिफोर्नियाच्या चौतीस श्रेयांकांची चिकित्सा

विशिष्ट विषयाच्या अध्ययनाला प्रारंभ करण्यापूर्वी, किंवा त्याच्या जोडीने, प्रत्येक विद्यार्थ्याने कोणत्या विद्यांशी परिचय करून घ्यावा, हा प्रश्न अमेरिकेतील उच्च शिक्षणात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. १९४५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने सामान्य शिक्षणावरील आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा या चर्चेला एक निश्चित बैठक लाभली. सोळा अभ्यासक्रमांपैकी सहा सामान्य शिक्षणासाठी असावेत आणि त्यांत मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व निसर्गविज्ञान या तिन्हींचा समावेश असावा, अशी तिची शिफारस होती. सुजाण नागरिकाला समान अशी वैचारिक भूमी लाभावी, हा त्या शिफारशीमागील हेतू होय. परंतु चार वर्षे एकाच संस्थेत राहणारा विद्यार्थी तेथे गृहीत धरलेला होता. दोन वर्षे एका महाविद्यालयात काढून पुढील दोन वर्षांसाठी दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात शोधणे व्यर्थ आहे. ते उत्तर देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न कॅलिफोर्निया राज्यात झाला असल्याने त्याचीच चिकित्सा येथे केली आहे.

कॅलिफोर्नियातील द्विवर्षीय महाविद्यालयांचा आरंभ १९१० साली फ्रेझ्नो येथे झाला. १९६० च्या बृहद्योजनेने उच्च शिक्षणाच्या तीन श्रेणी ठरविल्या. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा अष्टमांश युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, वरचा तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी (म्हणजे आजच्या स्टेट युनिव्हर्सिटीसाठी) पात्र मानला गेला. उरलेल्या सर्वांसाठी द्विवर्षीय महाविद्यालयांचे दार खुले ठेवण्यात आले. ही विभागणी न्याय्य ठरण्यास एक अट होती. खालच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत तिसऱ्या वर्षी प्रवेश मिळणे खरोखर शक्य असले पाहिजे. संक्रमणपदवीतील सामान्य शिक्षणाचा सारा विचार या एका अटीभोवती फिरतो.

ही अट कागदावर सुलभ असली तरी व्यवहारात बिकट ठरली. दोन्ही विद्यापीठव्यवस्थांच्या अपेक्षा निरनिराळ्या होत्या. स्टेट युनिव्हर्सिटी पहिल्या दोन वर्षांत ३९ श्रेयांकांचे सामान्य शिक्षण मागत असे. त्यात मौखिक संज्ञापनाचा आणि ‘आजीवन अध्ययन व आत्मविकास’ या क्षेत्राचा समावेश होता. दुसऱ्या विद्यापीठाला मौखिक संज्ञापनाची अपेक्षा नव्हती, मात्र इंग्रजीखेरीज अन्य एका भाषेचे ज्ञान आवश्यक होते. कोठे प्रवेश मिळेल हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दोन्ही अपेक्षा पुऱ्या करू पाहत असे व गरजेपेक्षा अधिक अभ्यासक्रम घेऊन बसे. नोकरी करून शिकणाऱ्याच्या बाबतीत असा प्रत्येक जादा अभ्यासक्रम म्हणजे गेलेले सत्र आणि खर्चलेला पैसा होय. २०१० च्या कायद्याने साठ श्रेयांकांची संक्रमणपदवी निर्माण करून स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची हमी दिली. २०२१ च्या कायद्याने दोन्ही विद्यापीठांसाठी सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा आज्ञापिला. तो २०२५ च्या शरद सत्रापासून अमलात आला आहे.

या आराखड्यात एकूण ३४ श्रेयांक आहेत. इंग्रजी निबंधलेखन, चिकित्सक विचार व मौखिक संज्ञापन यांना प्रत्येकी तीन. गणिती विवेचनाला तीन. कला व मानव्यविद्या यांना मिळून सहा. सामाजिक शास्त्रांना सहा. भौतिक व जीवविज्ञानाला प्रयोगशाळेच्या एका श्रेयांकासह सात. आणि वांशिक समूहांच्या अभ्यासाला तीन. एकाच कोष्टकावर दोन्ही व्यवस्थांनी संमती दिली, ही लहान गोष्ट नव्हे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता हा आराखडा पूर्वीच्या दुहेरी व्यवस्थेहून निःसंशय श्रेष्ठ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि हे कोष्टक कसे सिद्ध झाले, हे पाहिले म्हणजे त्याचे वैगुण्य ध्यानी येते. जुन्या आंतरविद्यापीठीय आराखड्यात जितके श्रेयांक होते त्यांहून अधिक नव्या आराखड्यात असू नयेत, अशी मर्यादा कायद्यानेच घातली होती आणि तो आकडा ३४ ठरला. प्राध्यापकांच्या प्रतिनिधींनी ३१ मे २०२३ पर्यंत एकमत न केल्यास निर्णय प्रशासनाकडे जाणार होता. अशा स्थितीत मौखिक संज्ञापन सर्वांसाठी आवश्यक करायचे, तर दुसरे काही वगळणे भाग होते. वगळला गेला तो मानव्यविद्यांतील तिसरा अभ्यासक्रम. भाषेची अटही आराखड्याबाहेर पडली; काही ठिकाणी ती पुढे पदवीची स्वतंत्र अट म्हणून शिल्लक आहे, इतकेच. आत्मविकासाचे क्षेत्रही गेले. याउलट वांशिक समूहांच्या अभ्यासाचे स्थान अबाधित राहिले. १९६८-६९ च्या सान फ्रान्सिस्को येथील विद्यार्थी-संपातून त्या विद्येचा उदय झाला होता आणि २०२० च्या कायद्याने स्टेट युनिव्हर्सिटीत ती आवश्यक ठरली होती. तिचे समर्थन तिच्या पुरस्कर्त्यांनी सिद्धांत म्हणून केले होते. तसे समर्थन साहित्य, तत्त्वज्ञान किंवा परभाषा यांच्या वाट्याला या वेळी आले नाही.

येथेच या योजनेचा मूळ दोष आढळतो. दोन वाङ्मयीन वा कलाविषयक अभ्यासक्रम पुरेसे का आणि तीन अधिक का, याचे शैक्षणिक उत्तर कोष्टकातून मिळत नाही. मिळते ते केवळ बेरजेचे उत्तर. साठांतून चौतीस वजा जाता सव्वीस उरतात. प्रमुख विषयाला किमान अठरा लागतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी तर उरलेले सारे श्रेयांक गिळून टाकते. म्हणजे जे कोष्टकात नाही ते त्याच्या वाट्याला पहिल्या दोन वर्षांत येणे दुरापास्त आहे. स्पॅनिश, चिनी, तागालोग किंवा व्हिएतनामी ज्यांच्या घरी बोलली जाते अशा असंख्य विद्यार्थ्यांच्या राज्यात भाषेचे अध्ययन इतक्या सहजतेने बाजूला पडावे, हे विचार करायला लावणारे आहे.

या आक्षेपाला उत्तर देता येते. अपूर्ण राहिलेल्या विस्तृत शिक्षणापेक्षा पूर्ण झालेले मर्यादित शिक्षण बरे, असे समर्थक म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. परंतु या युक्तिवादाची व्याप्ती आता वाढली आहे. मार्च २०२४ मध्ये स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्तांनी हाच आराखडा तेथे थेट पहिल्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांनाही लागू केला. ज्यांना कोठेही संक्रमण करायचे नाही त्यांचे शिक्षणही संक्रमणाच्या मापाने मोजले जाऊ लागले. सोय म्हणून स्वीकारलेली मर्यादा अशा रीतीने आदर्शाच्या जागी जाऊन बसली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय केवळ परदेशचा वाटू नये. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला होता. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेण्याची व श्रेयांक पेढीमार्फत ते अन्यत्र नेण्याची सोय येथेही झाली आहे. श्रेयांक वाहून नेता येतात. त्यांतून काय वाहून न्यायचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. कॅलिफोर्नियाने पहिला प्रश्न मोठ्या निष्ठेने सोडविला. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या कोष्टकात अद्याप लिहिले गेलेले नाही. जो विद्यार्थी दोन वर्षांनंतर पुढे जाऊच शकत नाही, त्याच्यापाशी अखेर हेच चौतीस श्रेयांक उरतात. तेव्हा ते पुढच्या दाराची किल्ली म्हणून किती उपयोगी आहेत यासह स्वतंत्रपणे किती मोलाचे आहेत, या कसोटीवरही त्यांची परीक्षा झाली पाहिजे.