भूमिका दुकानाची, जोखीम काउंटरवरच्या माणसाची

पुस्तकाच्या दुकानाने राजकीय प्रश्नांवर जाहीर भूमिका घ्यावी की नाही, यावर अलीकडे बरेच लिहिले-बोलले जाते. घ्यावी म्हणणारे सांगतात, पुस्तक विकणे हेच मुळी वैचारिक काम आहे, मग दुकानदाराने तोंड का बंद ठेवावे? घेऊ नये म्हणणारे सांगतात, दुकान सर्वांचे असते, दारावर फलक लागला की अर्धे गिऱ्हाईक बाहेरूनच परत जाते. आम्हांला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. दोघेही दुकानाच्या मालकाविषयी बोलतात. परंतु दुकानात आणखी एक माणूस असतो. तो काउंटरवर उभा राहतो, पुस्तक कागदात गुंडाळून देतो, पावती फाडतो; आणि तंटा उभा राहिला की सर्वांआधी तोच सापडतो.

मुस्लिम वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांपुढे हा प्रश्न ज्या एका पुस्तकाने सर्वांत तीव्रपणे उभा केला, ते आपलेच मन दुखावणारे होते. सलमान रश्दी यांची 'द सॅटॅनिक व्हर्सेस' ही कादंबरी सप्टेंबर १९८८ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाली. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी भारत सरकारने तिच्या आयातीवर बंदी घातली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी आयातुल्ला खोमेनींचा फतवा आला. २४ फेब्रुवारीला मुंबईत निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा जण ठार झाले. त्या बारांपैकी कोणी ती कादंबरी पाहिली असण्याचा संभव जवळजवळ नाही. ती देशात येतच नव्हती. पुस्तकाची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते, याचा हिशेब करायचा तर या बारा नावांपासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे तो हिशेब फारसा कोणी केलेला नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

त्यानंतर चारच दिवसांनी, २८ फेब्रुवारीच्या पहाटे, अमेरिकेतील बर्कली या विद्यापीठाच्या गावी 'कोडीज बुक्स' या दुकानावर आगीचा बॉम्ब टाकण्यात आला. हे दुकान फ्रेड आणि पॅट कोडी या दांपत्याने १९५६ मध्ये सुरू केले होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांच्या काळात टेलिग्राफ अव्हेन्यूवर अश्रुधूर सुटला की जखमी विद्यार्थी याच दुकानात आसरा घेत, तेथे त्यांच्यावर प्रथमोपचार होत. म्हणजे भूमिका घेणे या दुकानाला नवे नव्हते. १९८९ मध्ये ते अँडी रॉस यांच्या मालकीचे होते. आग विझवून साफसफाई चालू असताना आत न फुटलेला एक बॉम्ब सापडला. तो हलवणे धोक्याचे म्हणून पोलिसांनी तो दुकानातच फोडला. त्यानंतर रॉस यांनी नोकरांची बैठक घेतली. पुस्तक विक्रीस ठेवायचे की काढायचे, एवढाच प्रश्न होता. पगारावर काम करणाऱ्या त्या माणसांनी एकमताने ठेवायचे ठरवले.

त्याच महिन्यात वॉल्डनबुक्स या अमेरिकेतील मोठ्या साखळी दुकानाने ही कादंबरी आपल्या फळ्यांवरून उतरवली होती. त्यांची दुकाने हजाराहून अधिक होती. कारण दिले ते नोकरांच्या सुरक्षिततेचे. या कारणाची टिंगल पुष्कळ लेखकांनी केली. आम्ही करणार नाही. लेखक आपल्या खोलीत बसून निवेदनावर सही करतो. काउंटरवरच्या मुलीला मात्र आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे पाहावे लागते. तिच्या जिवाची काळजी ही क्षुद्र गोष्ट नव्हे. आमची तक्रार वेगळी आहे. वॉल्डनबुक्समध्ये हा निर्णय मुख्य कार्यालयात झाला, आणि तो ज्यांच्या नावाने झाला त्यांना विचारले गेले नाही. कोडीजमध्ये तेच भय होते, किंबहुना बॉम्ब पडून गेल्यामुळे अधिकच होते. पण ज्यांना भीती होती त्यांच्याच हातात निर्णय दिला गेला. उद्या बैठकीत नोकरांनी 'काढा' म्हटले असते, तरी आम्ही त्या दुकानाला भित्रे म्हटले नसते.

याच कॅलिफोर्नियात बत्तीस वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट आठवते. सान फ्रान्सिस्कोतील 'सिटी लाइट्स' या दुकानाचे नाव निघाले की कवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. अ‍ॅलन गिन्सबर्ग यांचा 'हाउल' हा संग्रह त्यांनीच प्रकाशित केला होता. परंतु जून १९५७ मध्ये तो अश्लील ठरवून पोलीस आले, तेव्हा प्रथम अटक झाली ती काउंटरवर पुस्तक विकणाऱ्या शिगेयोशी मुराओ यांना. मुराओ जपानी वंशाचे अमेरिकी होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांत तरुणपणी तेही होते. ज्याला एकदा आपल्याच देशाने संशयित ठरवले, त्याच्याच हातात पुन्हा बेड्या पडल्या. खटल्यात त्यांची सुटका झाली ती त्यांना पुस्तकातील मजकूर ठाऊक होता हे सिद्ध न झाल्याने. फर्लिंगेटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी निर्दोष सुटले आणि इतिहासात गेले. मुराओंचे नाव तळटीपेत राहिले. अल्पसंख्य समाजातला माणूस काउंटरवर असेल तर दुकानाच्या भूमिकेची झळ त्याला दुप्पट लागते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, मग दुकानाने गप्प बसावे हेच बरे. परंतु गप्प बसण्याची सोय तरी कोठे आहे? पूर्व जेरुसलेममधील सलाहुद्दीन रस्त्यावर 'एज्युकेशनल बुकशॉप' हे मुना कुटुंबाचे दुकान आहे. तेथे अरबीबरोबर इंग्रजी पुस्तके मिळतात, आणि येणाऱ्यांत परदेशी वकिलातींतले लोक व इस्रायली वाचकही असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलिसांनी तेथे छापा घातला, पुस्तके पोत्यांत भरून नेली आणि महमूद मुना व अहमद मुना यांना अटक केली. पुरावा म्हणून पुढे करण्यात आले ते लहान मुलांचे चित्रे रंगवण्याचे पुस्तक! या दुकानाची भूमिका फळ्यांवर होती, तीच पोलिसांना पुरेशी झाली.

त्याच महिन्यात श्रीनगरमध्ये पोलिसांनी पुस्तकांच्या दुकानांतून ६६८ पुस्तके जप्त केली. त्यांतील बहुतेक मौलाना मौदुदींची होती. मौदुदींच्या राजकीय विचारांशी आमचे पटत नाही. परंतु ती पुस्तके दिल्लीत उघडपणे छापली आणि विकली जातात. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर शासनाने २५ पुस्तके जप्तीस पात्र ठरवली. त्यांत मुंबईचे विख्यात कायदेपंडित ए. जी. नूरानी यांचे काश्मीर प्रश्नावरील पुस्तक होते, अरुंधती रॉय यांचे 'आझादी' होते. त्यानंतर पुन्हा दुकानांची झडती. ज्या विक्रेत्याने आयुष्यात एकही निवेदन काढले नाही, त्याच्याही फळीची आता सरकारदरबारी नोंद होते.

येथे आपल्याच बिरादरीला एक प्रश्न विचारणे भाग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे असे निघाले की, १९८८ ची ती आयातबंदीची अधिसूचनाच सरकारला सापडत नाही. डिसेंबरमध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधील 'बाहरीसन्स' या दुकानात रश्दींची कादंबरी विक्रीस आली. फाळणीत निर्वासित होऊन आलेल्या माणसाने १९५३ मध्ये काढलेले हे दुकान. लगेच आपल्याकडच्या काही संघटनांनी पुन्हा बंदीची मागणी केली. मग दोन महिन्यांनी श्रीनगरच्या विक्रेत्याच्या बाजूने आपण कोणत्या तोंडाने उभे राहायचे? आमच्या मते बाहरीसन्सला ते पुस्तक ठेवू द्यावे. ज्याला ते दुखावते त्याने विकत घेऊ नये, विरोधात लिहावे, लेखकाला उत्तर द्यावे. उर्दू वाचकाला तर हा धडा जुनाच आहे. १९३२ मध्ये लखनौतून निघालेल्या 'अंगारे' या कथासंग्रहावर आपल्याच लोकांनी गिल्ला केला, १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो जप्त केला; आणि त्याच लेखकांच्या वर्तुळातून उर्दूतली प्रगतिशील चळवळ उभी राहिली. आज ती उर्दू साहित्याच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

राहिला दारावरच्या फलकाचा प्रश्न. बर्कलीत एका दुकानाने फलक लावला आणि तो पटला नाही, तर वाचक पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या दुकानात जातो. आमच्या तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान एकच. ते जूनमधल्या पाठ्यपुस्तकांवर, वह्यांवर, गाइडांवर चालते. उरलेले वर्ष शाळांच्या आणि अनुदानित ग्रंथालयांच्या खरेदीवर जाते. कादंबऱ्या-कवितांची एक फळी असते, ती मालकाच्या हौसेने टिकलेली. असल्या दुकानदाराने प्रत्येक निवडणुकीला फलक लावावा, अशी अपेक्षा शहरातल्या माणसानेच करावी. एका फलकाने त्याची शाळांची ऑर्डर जाते, आणि ऑर्डरबरोबर ती फळीही जाते. शिवाय गावात ज्या दोन बाजूंचे लोक एकमेकांच्या मोहल्ल्यात जात नाहीत, ते जूनमध्ये त्या एका काउंटरवर खांद्याला खांदा लावून उभे असतात. तेथे फलक लावून एकाला घालवणे आम्हांला परवडणारे नाही.

मात्र फळीबाबत आम्ही सवलत देणार नाही. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचे उदाहरण महाराष्ट्रात ताजेच म्हणायला हवे. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने ते भारतात मागे घेतले, ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, शासनाने बंदी घातली. ती बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयाने दार उघडले खरे, परंतु आत यायला पुस्तकच नव्हते. त्या पुस्तकातील काही विधाने आक्षेपार्ह होती हे आम्हांलाही मान्य आहे. पण वाचकाने ती वाचून खोडून काढायची, तर प्रत हाती पडायला हवी.

फळीचे राजकारण इतके उघडही नसते. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठे मराठी पुस्तकांचे दुकान आहे. नाव घेत नाही. दर्शनी भागात सर्वधर्मसमभावाचे सुंदर अक्षरांतले पोस्टर आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी खरेदीला गेलो असता एका मुस्लिम मराठी कथाकाराचा संग्रह मागितला. कथांच्या कपाटात तो नव्हता. काउंटरवरच्या मुलाने बराच शोध घेऊन तो 'धर्म – इस्लाम' अशी चिठ्ठी लावलेल्या खालच्या खणातून काढून दिला. शेजारी नमाजचे पुस्तक आणि हज यात्रेची मार्गदर्शिका होती. संग्रहातल्या कथा साखर कारखान्यातल्या हंगामी मजुरांच्या. मुलाला आम्ही विचारले, हा येथे का? तो म्हणाला, "सर, मालकांनी लेखकांच्या नावावरून लावायला सांगितलंय."

त्या मुलाला आम्ही संग्रहाची पहिली कथा तेथेच उघडून दाखवली. त्याने चार-सहा ओळी वाचल्या, इकडेतिकडे पाहिले आणि उरलेल्या दोन प्रती उचलून कथांच्या कपाटात नेऊन ठेवल्या. मालकांना सांगाल काय, असे विचारल्यावर तो नुसता हसला. पुढच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा त्या प्रती तेथेच होत्या. तो मुलगा मात्र दुकानात दिसला नाही.