गोल्डवॉटर यांचे 'स्वातंत्र्य' : एका पदाचा विभक्तिविचार

बॅरी गोल्डवॉटर (१९०९–१९९८) यांना मराठीत 'सनातनी' किंवा 'पुराणमतवादी' म्हणावयाचे झाल्यास दोन्ही शब्द दिशाभूल करतात. या शब्दांतून आचार व रूढी यांवरील निष्ठा सूचित होते. ॲरिझोनाच्या या रिपब्लिकन सेनेटरांच्या विचाराच्या मुळाशी मात्र 'स्वातंत्र्य' हे एकच पद आहे. त्यांच्या कारकीर्दीचे मर्म जाणावयाचे तर या पदाचाच अर्थ तपासला पाहिजे.

'स्वातंत्र्य' हे साकांक्ष पद आहे. ते कोणाचे आणि कशापासून, हे सांगितल्यावाचून अर्थ पुरा होत नाही. म्हणजे त्यास षष्ठी हवी आणि पंचमीही. गोल्डवॉटर यांच्या प्रतिपादनात पंचमी सदैव ठरलेली असे : वॉशिंग्टनपासून. १९५२ मध्ये सेनेटातील बहुमत-पक्षाचे नेते अर्नेस्ट मॅक्फार्लंड यांचा पराभव करून ते निवडून आले, तेव्हापासून संघ-शासनाच्या वाढत्या खर्चावर व अधिकारांवर त्यांनी केलेली टीका हा या एका पंचमीचाच विस्तार होय. १९६० चे 'द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह' हे त्यांच्या नावावरील पुस्तकही (ते लिहून दिले ब्रेंट बोझेल यांनी) याच सूत्राभोवती फिरते. षष्ठी मात्र अध्याहृत राहिली.

१९६४ मध्ये ती उघड करणे भाग पडले. उपाहारगृहे, हॉटेले, नाट्यगृहे आणि नोकऱ्या यांतील वर्णभेदास बंदी करणाऱ्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध १९ जून रोजी त्यांनी मत दिले. ते वर्णद्वेष्टे होते, असे म्हणता येत नाही. १९५७ व १९६० च्या नागरी हक्क विधेयकांना त्यांचे मत अनुकूल होते. या वेळच्या दोन प्रकरणांना संविधानाचा आधार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप प्रामाणिक होता, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. ग्राहकास नाकारण्याचे मालकाचे स्वातंत्र्य वॉशिंग्टनपासून राखले. परंतु त्या नाकारलेल्या ग्राहकाचे काय? त्यास अडविणारी सत्ता राज्याची होती, परगण्याची होती, गल्ल्यावर बसलेल्या माणसाची होती. इतक्या जवळच्या सत्तेला गोल्डवॉटर यांच्या वाक्यात पंचमीचा प्रत्यय कधी लागलाच नाही.

पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना, स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, या आशयाचे त्यांचे गाजलेले विधान झाले. मसुदा हॅरी जॅफा यांचा. अतिरेकाचा गौरव येथे नकाराच्या आडून साधला आहे. तो कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे श्रोत्याने आपापल्या परीने भरावयाचे. श्रोत्यांनी ते भरले. नोव्हेंबरात त्यांना सहाच राज्ये मिळाली : स्वतःचे ॲरिझोना आणि दूर दक्षिणेतील पाच. मिसिसिपीत ८७ टक्के मते पडली. तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना त्या काळी मतदानच करू दिले जात नसे.

१९६९ ते १९८७ या दुसऱ्या पर्वात ते मवाळ झाले, असे सांगण्यात येते. १९८१ मध्ये शासनाकरवी आपली नीती लादू पाहणाऱ्या धर्मप्रचारकांना त्यांनी सेनेटात खडसाविले. निवृत्तीनंतर, १९९३ मध्ये, समलिंगी व्यक्तींना सैन्यात घेण्याचा जाहीर पुरस्कार केला. या वेळी षष्ठी स्पष्ट होती : त्या सैनिकाचे स्वातंत्र्य. परंतु याकरिता त्यांना आपले व्याकरण बदलावे लागले नाही. या सैनिकास अडविणारी सत्ता वॉशिंग्टनचीच होती.