जनावरांची फिर्याद

नववीच्या वर्गात 'अशरफुल मखलूकात' हा शब्द आला आणि मी मुलांना त्याचा अर्थ विचारला. एक मुलगा चटकन उभा राहून म्हणाला, "सर, यानी सारी दुनिया के मालिक हम!" सगळा वर्ग खूश झाला. मी त्याला खाली बसवले. पण ते उत्तर त्याच्या एकट्याचे नव्हते. घरात, मोहल्ल्यात, कधीकधी वाअजमध्येही हा शब्द आपण याच अर्थाने ऐकत आलो आहोत. सर्व निर्मितीत माणूस श्रेष्ठ, आणि बाकी जे काही आहे ते त्याच्या वापरासाठी! नद्या, डोंगर, जंगले आणि मुकी जनावरे यांची आज जी दशा झाली आहे तिच्या मुळाशी लोभ आहे, यंत्रे आहेत, हे खरेच. पण हा समजही आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच परंपरेतील एका रिसाल्याने या समजावर मुकदमा चालवला होता. त्याची ओळख नव्याने करून घेण्याची वेळ आली आहे.

दहाव्या शतकात बसऱ्यात 'इख्वानुस्सफा' या नावाचे विद्वानांचे एक मंडळ होते. स्वतःची नावे गुप्त ठेवून त्यांनी गणितापासून अध्यात्मापर्यंत पन्नासहून अधिक रिसाले अरबीत लिहिले. त्यांपैकी बाविसावा प्राण्यांविषयी आहे. 1316 मध्ये त्यातील या मुकदम्याचे हिब्रू भाषांतर झाले, आणि 1810 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इकराम अली यांनी तो उर्दूत आणला.

कथा साधी आहे. वादळात सापडलेले एक जहाज एका बेटाला लागते. तेथे जिन्नांचा न्यायी बादशहा राज्य करतो आणि जनावरे मोकळी हिंडतात. जहाजातून उतरलेली माणसे त्यांना पकडून जुंपू लागतात. जनावरे बादशहाकडे फिर्याद घेऊन जातात. माणसे म्हणतात, हे आमचे गुलाम आहेत. बादशहा विचारतो, पुरावा काय?

या एका प्रश्नात रिसाल्याचे मोठेपण आहे. माणसांचा वक्ता कुरआनचा दाखला देतो. चौपाये तुमच्यासाठी निर्माण केले, हा सूरह नहलमधील आशय तो पुढे ठेवतो. त्याला खेचर उत्तर देते. या आयतींत अल्लाहच्या नेमतींची आठवण आहे, ते म्हणते. आम्ही गुलाम आणि हे मालक असे त्यांत कोठे आहे? सूर्य, चंद्र, वारा, ढग हेही माणसाच्या कामी लावले आहेत. मग तेही याचे गुलाम काय? 'तसखीर' म्हणजे मालकी नव्हे, हा तफसीरचा मुद्दा लेखकांनी एका खेचराच्या तोंडी घातला आहे. आयत नाकारलेली नाही. आयतीच्या आड लपणाऱ्या माणसाला उघडे केले आहे.

पुढे माणसांचा एकेक दावा असाच कोसळतो. भरजरी वस्त्रांचा अभिमान सांगितला की उत्तर मिळते, रेशीम किड्याचे आणि लोकर मेंढीची. कारागिरीचा सांगितला की मधमाश्यांचा सरदार आपली षट्कोनी घरे दाखवतो, ज्यांना ना कंपास लागतो ना पट्टी. मेंढा सांगतो, आमची कोवळी पिले आईपासून तोडतात आणि त्यांच्या वाट्याचे दूध स्वतः घेतात. हे वाचताना दाव्याला बांधलेले वासरू डोळ्यांपुढे येते.

रिसाल्यात दोषही आहेत. भाषणे लांबतात, जनावरे अनेकदा जनावरांसारखी न बोलता मदरशातल्या उस्तादासारखी बोलतात. आणि खरी अडचण शेवटी आहे. इतके सगळे हरल्यावर मुकदमा माणूसच जिंकतो! माणसाला मृत्यूनंतर पुन्हा उठायचे आहे, जन्नत किंवा जहन्नम आहे, आणि त्याच्यात औलिया, सालेहीन होऊन गेले, या आधारावर जनावरांनी त्याच्या हुकुमात राहावे असा निवाडा होतो. अनेक वाचकांना हा शेवट पचत नाही. मलाही पहिल्या वाचनात तो पळवाट वाटला.

पुन्हा वाचल्यावर मात्र वेगळे जाणवते. माणूस जिंकला तो ताकदीवर नाही, अकलेवर नाही, रूपावर नाही. ज्याला हिशेब द्यायचा आहे तो म्हणून जिंकला. म्हणजे श्रेष्ठत्वाची सनद आणि आखिरतची जबाबदारी एकाच कागदावर लिहिलेली आहे. आपण कागद मधोमध फाडला आणि वरचा अर्धा भिंतीवर लावला. शिवाय ही सनद मिळाली मोजक्या नेक माणसांच्या पुण्याईवर. वापरतो मात्र आपण सगळे.

1967 मध्ये लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने निसर्गाच्या नाशाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मविचारात शोधले. 1968 मध्ये सय्यद हुसैन नस्र यांचे निसर्ग आणि मानव यांविषयीचे पुस्तक आले. निसर्गाचे पावित्र्य विसरणे हे त्यांच्या मते खरे दुखणे. अशी चर्चा निघाली की आपल्यातले काही जण समाधानाने म्हणतात, आमच्याकडे तर 'अमानत' आहे, 'खिलाफत' आहे. शब्द आहेतच. पण धर्म मागे सारणाऱ्या सोव्हिएत राजवटीनेही कापसासाठी नद्यांचे पाणी वळवून अरल समुद्र आटवला. तेव्हा दोष एका धर्माचा नाही, तसा बचावही केवळ धर्माच्या नावाने होत नाही.

शब्द पाठ असून उपयोग नसतो याचा दाखला याच रिसाल्याच्या नशिबी आला. उर्दू 'इख्वानुस्सफा' इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषेच्या परीक्षेला लागले. जनावरांची फिर्याद घोकून ते उर्दू शिकले, आणि त्याच सरकारने वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यांना इनाम दिले. राजेरजवाडेही शिकारीत मागे नव्हते. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये तो नामिबियातून आणावा लागला. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे 1990च्या दशकापासून गिधाडांच्या तीन जाती 95 टक्क्यांहून अधिक घटल्या. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. आज तो मुकदमा पुन्हा उभा राहिला, तर कित्येक साक्षीदार हजरच नसतील.

आणि आपण? वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी जपून वापरा, अशी हदीस आपण ऐकतो आणि हौदावरचा नळ सोडून बोलत बसतो. कुर्बानीच्या जनावराला पाणी पाजा, त्याच्यासमोर सुरी परजू नका, हे जाणतो. पण टेम्पोत कोंबून, दिवसभर तहानलेले आणलेले जनावर उतरवून घेताना कोणी काही बोलत नाही.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला ही कथा सांगितली. खेचराचे उत्तर ऐकून तो हसला. शेवट ऐकल्यावर जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, फिर तो मालिक होना बहुत मुश्किल है." परीक्षेत या उत्तराला गुण मिळणार नाहीत. तरी एवढे कळले तर तो रिसाला अजून वाचला जातो आहे, असे मी समजेन.