तीन, पाच, सात

गवत कापणाऱ्या जुन्या गँग मोवरसमोर उभं राहिलं की बहुतेक जण आधी नावाची पाटी शोधतात. मला आधी चौकट पाहावीशी वाटते. पाती बदलतात, चाकं बदलतात, रंग तर कुणीही कधीही चढवतो. चौकटीवर मात्र तिच्या कर्त्याचा विचार टिकून असतो.

इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या मैदानांच्या कडेला, जुन्या शाळांच्या शेडमागे ही यंत्रं अजून सापडतात. एका ओढीत पात्यांची तीन, पाच किंवा सात फिरती सिलिंडरं, आणि इंजिन कुठेच नाही. ३० इंची तीन युनिटं मिळून ९० इंच भरायला हवीत, पण गवत कापलं जातं ८४ इंच, म्हणजे ७ फूट. हरवलेले सहा इंच युनिटांमधल्या दोन सीमांवर खर्ची पडलेले असतात. शेजारची युनिटं तीन-तीन इंच एकमेकांच्या हद्दीत शिरतात, म्हणून मागे गवताची शेंडी उरत नाही. याच हिशेबाने पाचांचे साडेअकरा फूट होतात आणि सातांचे १६. म्हणून युनिटं गहाळ झाली आणि नुसती चौकट उरली, तरी युनिटं अडकवायचे तिचे जोड मोजावेत. शेजारच्या दोन जोडांत आडवं २७ इंच अंतर भरलं, तर तिथे ३० इंची युनिटं होती असं मानायला चांगला आधार मिळतो.

अशी युनिटं एकत्र जोडून ओढायची कल्पना अमेरिकेतली. पंपांच्या धंद्यात वाढलेल्या चार्ल्स वर्दिंग्टनने पेनसिल्व्हेनियात शॉनी इथे गोल्फचं मैदान उभारलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशी जोडयंत्रं बनवायला घेतली. बिडात ‘स्ट्राउड्सबर्ग’ ओतलेलं दिसलं तर माल त्याच्या कारखान्याचा, ‘इप्सविच’ दिसलं तर रॅन्सम्सचा, ‘लेचवर्थ’ दिसलं तर लॉइड्सचा. पेटंटचा क्रमांकही बोलका असतो. ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत दरवर्षी नव्याने क्रमांक सुरू व्हायचे, त्यामुळे सोबत साल लागायचं. १९१६ पासून १,००,००१ पुढे सलग मोजणी सुरू झाली. नुसता सहा आकडी ब्रिटिश क्रमांक असेल, तर यंत्र त्यानंतरचंच.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो चाकाचा हब. युनिट पुढे ढकला, सिलिंडर फिरू लागतं. मागे ओढा, आतून टकटक ऐकू येते आणि पाती जागची हलत नाहीत. ही रॅचेटची खिटी. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं आणि तेच सिलिंडर फिरवतं. आतल्या चाकाची खिटी दातांवरून नुसती घसरत राहते. एवढ्याशा तुकड्याने किती मोठं काम भागवलं आहे!

याच जोडणीत आणखी एक गुण आहे. पाती चाकावर चालतात, त्यामुळे घोडा रमतगमत चालो की ट्रॅक्टर वेगात जावो, दोन कापांमधलं जमिनीवरचं अंतर बदलत नाही. ते गिअरच्या दातांनी आणि पात्यांच्या संख्येने ठरवलेलं असतं. चाकाला एक फेरा द्यावा आणि सिलिंडर किती वेळा फिरतं ते मोजावं. फेरे जास्त आणि पाती दाट असतील, तर यंत्र आखूड, बारीक गवतासाठी आहे. पाती मोजकी असतील, तर ते माळरानासारख्या मैदानाचं.

पात्यांचं कापणं मात्र १८३० पासून तेच आहे. स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने लोकरी कापडाची लव छाटणाऱ्या गिरणीयंत्रावरून ते घेतलं. फिरतं पातं खालच्या स्थिर पात्याला घासत कात्रीसारखं जातं. जुळणी बरोबर आहे का, हे मैदानाची माणसं अजूनही कागदाची पट्टी मध्ये धरून पाहतात. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ तुटली पाहिजे.

फसायला होतं ते युनिटांच्या अदलाबदलीने. एका चौकटीवर दोन कारखान्यांची युनिटं नांदताना दिसतात. हवेच्या टायरवरून वय ठरवणं तर धोक्याचंच. ट्रॅक्टरला ते १९३२ च्या सुमारास आले, पण जुन्या लोखंडी चाकांच्या जागी ते नंतर बसवले गेले असण्याची शक्यता कायम राहते. अशा वेळी झिजेकडे पाहावं. जोडाची खुंटी आणि तिचं भोक सारख्याच प्रमाणात झिजली असतील, तर ती बरीच वर्षं एकत्र चाललेली असतात.

म्हणून गंज काढायची घाई मला पटत नाही. आधी प्रत्येक जोड मोजून, ओतलेली अक्षरं खडूने उठवून फोटो काढावेत. रॅन्सम्सची कागदपत्रं रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहेत, तिथे ती मापं पडताळून पाहता येतात. वाळूच्या माऱ्याखाली रंगाचे थर गेले आणि खुंट्याही नव्या बसवल्या, तर पडताळायला फारसं काही हाती उरत नाही.