आदरार्थी प्रत्यय आणि कॉफीचा पेला

कोरियन भाषेंतील आदरार्थी रूपें म्हणजे त्या राष्ट्राच्या कन्फ्यूशियन संस्कृतीचा प्राणच होय, असें म्हणण्याचा प्रघात आहे. हें मत आम्हांस अर्धेंच खरें वाटतें.

मराठींत 'पाऊस पडतो' हें वाक्य लहानथोर सर्वांशीं सारखेंच बोलतां येतें. कोरियन भाषेंत तसें नाहीं. मित्राशीं 'पिगा वा', परक्याशीं 'पिगा वायो', सभेंत 'पिगा ओम्निदा'. ऐकणारा कोण हें ठरविल्यावांचून पावसाविषयींचें वाक्यहि पुरें होत नाहीं. म्हणूनच तेथें नवी ओळख होतांच वय विचारतात.

ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचा मान निराळा. त्यासाठीं क्रियापदांत 'शि' हा प्रत्यय घालतात. परंतु आतां दुकानांतील नोकर 'कॉफी आली' असें गिऱ्हाइकास सांगतांना तो प्रत्यय कॉफीसच लावतात. जणूं 'कॉफीसाहेब आले'! राष्ट्रीय कोरियन भाषासंस्थेनें हा प्रयोग अशुद्ध ठरविला आहे.

व्याकरणदृष्ट्या तें योग्यच. परंतु ही चूक आम्हांस फार बोलकी वाटते. येथें मान वयास नव्हे, विद्येस नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या पैशास मिळतो. आणि तो कमी पडल्यास बोलणीं खावीं लागतील, ही नोकराची धास्ती त्यामागें असते. प्रत्यय तोच राहिला, धनी मात्र बदलला.

आदर कोणास द्यावा हें समाज ठरवितो. भाषा त्याची नोंद ठेविते. रूपें जपलीं म्हणजे आदर टिकला, असें समजणारांनीं त्या पेल्याकडे एकवार पाहावें.