मोराच्या मानेपाशी कॅमेरा का थांबत नाही?

दूरचित्रवाणीवर नव्या माहितीपट-मालिकांच्या जाहिराती झळकू लागल्या की त्यांचे सरळ दोन गठ्ठे पडतात. एक 'कला व संस्कृती', दुसरा 'निसर्ग'. येवल्यातून पाहिले तर ही वाटणी मोठी चमत्कारिक वाटते. गावात पैठणीचे माग आहेत आणि त्याच तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. माग पहिल्या गठ्ठ्यात, काळवीट दुसऱ्यात. मागावर चढणारे रेशीम म्हणजे एका अळीच्या ग्रंथींतून पाझरून घट्ट झालेले प्रथिन. त्याला कोणत्या गठ्ठ्यात घालायचे?

पैठणीवरचे माहितीपट आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. सुरुवातीला सतारीचे सूर, मग मागाची खटखट, सुरकुतलेले हात, पदरावरचा मोर आणि शेवटी नववधू. निवेदक भारावल्या आवाजात सांगतो की ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जादू आहे. यातले खोटे काहीच नाही. पण 'जादू' म्हटले की पुढचा प्रश्न विचारायचे कारण उरत नाही, आणि विचारण्याजोगा प्रश्न तर तिथेच असतो.

पदराची जमीन जरीची आणि मोर रेशमाचा. आडवा धागा, म्हणजे बाणा, सोनेरी रंगाने निघतो आणि मोराच्या मानेपाशी हिरवा होतो. तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि ती आपल्या रंगाच्या हद्दीतच मागेपुढे फिरते. मग दोन रंगांच्या हद्दीवर काय होते? दोन्ही बाणे आपापल्या हद्दीवरून नुसते परतले, तर उभ्या रेषेत कापडाला फट पडेल. म्हणून विणकर शेजारच्या दोन बाण्यांना एकमेकांत अडकवून परत फिरवतो. पारंपरिक पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत, याचे कारण हेच. मोराच्या मानेचा बाकही खरे तर बाक नसतोच. उभे धागे मोजून टाकलेल्या बारीक बारीक पायऱ्या असतात. (ज्या पडद्यावर आपण तो मोर पाहतो, तोही अशाच चौकडीतल्या ठिपक्यांनी चित्र उभे करतो. एखाद्या दिग्दर्शकाला हे सुचायला हवे होते.) कॅमेरा या हद्दीवर अर्धा मिनिट थांबला असता, तर आठवीतल्या मुलालाही विणकराच्या डोक्यातली भूमिती दिसली असती. तो थांबत नाही. आपल्याला दिसतात ते फक्त हात.

हे जमण्यासारखे नाही, असे नाही. जेकब ब्रोनोव्हस्की यांच्या 'द असेंट ऑफ मॅन' या 1973 सालच्या बीबीसी मालिकेत जपानी तलवार घडवण्याचा एक प्रसंग आहे. त्यात विधी आहेत, शांतता आहे, सौंदर्यही आहे. पण पोलाद दर घडीला दुमडले की थर दुप्पट होतात, हे गणितही आहे. पंधरा घड्यांनंतर थरांची संख्या तीस हजारांच्या वर जाते. आकडा कळल्याने तलवारीचा दबदबा कमी होत नाही, उलट वाढतो. आपल्याकडे 'भारत की छाप' या 1989 च्या तेरा भागांच्या मालिकेने भारतातल्या विज्ञानाचा इतिहास दूरदर्शनवर आणला. ती वाट पुढे फारशी रुळली नाही, याचे मला वाईट वाटते.

निसर्गपटांचा दोष वेगळा आहे. तिथे तंत्र उत्तम असते, पण माणूस चौकटीबाहेर ठेवलेला असतो. सूर्यास्त, संथ गतीतली काळविटाची झेप आणि 'अस्पर्शित निसर्ग' हे शब्द. ममदापूरचा माळ अस्पर्शित नाही. भोवती शेते आहेत, गुरे चरतात, काळवीट पिकांत शिरतात. 2014 साली हे क्षेत्र 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर झाले. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या या प्रकारात स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे अपेक्षित असते. म्हणजे शेतकरी हा या गोष्टीतला मुख्य पात्रांपैकी एक. त्याला वगळल्यावर गोष्ट कसली उरते?

याहून मोठे नुकसान असे, की निसर्ग म्हणजे घनदाट जंगल आणि वाघ हे समीकरण मुलांच्या मनात पक्के होते. काळविटाला मोकळा माळच लागतो. शत्रू दुरून दिसावा आणि पळायला जागा असावी, यावर त्याचे जगणे अवलंबून आहे. सरकारी नकाशांत अशा माळांची नोंद बहुधा 'पडीक' अशी होते, आणि आपणही उत्साहाने तिथे झाडे लावायला निघतो. माळावर सरसकट झाडी केली की काळविटाचे घर मोडते, हे सांगणारा माहितीपट मी तरी अजून पाहिलेला नाही.

शिक्षकांनी माहितीपट दाखवू नयेत, असे मी म्हणत नाही. जरूर दाखवावेत, पण घड्याळ घेऊन. विणकर स्वतः किती सेकंद बोलतो आणि निवेदक किती? विणकराचे नाव पडद्यावर येते का? काळविटाच्या टापांचा आवाज इतक्या दुरून टिपता आला असेल का, की नंतर स्टुडिओत घातला असेल? जवळून दाखवलेल्या प्राण्यांचे बरेचसे आवाज असे मागाहूनच जोडलेले असतात. 1958 च्या 'व्हाइट विल्डरनेस' या डिस्नेच्या चित्रपटातली लेमिंगांची सामूहिक 'आत्महत्या' तर चक्क घडवून आणलेली होती, आणि त्या चित्रपटाला ऑस्करही मिळाले. 'प्लॅनेट अर्थ 2' (2016) सारख्या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसे केले ते दाखवतात. मुंबईतल्या रात्रीच्या बिबट्यांचा भाग याच मालिकेत आहे. वर्गात हा शेवटचा तुकडा आधी दाखवावा, असे मी सुचवेन.

येवल्याच्या शिक्षकांना तर आणखी एक सोय आहे. माहितीपट संपल्यावर मुलांना मागावर नेता येते. विणकरांच्या परवानगीने सकाळी पदराच्या काठाला दोऱ्याची खूण बांधावी, संध्याकाळी पुन्हा जाऊन किती विणले गेले ते पट्टीने मोजावे, आणि तेवढेच काम पडद्यावर किती सेकंदांत उरकले होते त्याच्याशी भागाकार करून पाहावा.