रुग्णालय परिसराचे आधुनिकीकरण व वास्तुरचना स्पर्धा : अहमदनगरच्या संदर्भात एक चिकित्सा

वास्तुरचना स्पर्धेत परीक्षकांपुढे प्रथम येते ते इमारतीचे दर्शनी चित्र. रुग्णालयाच्या बाबतीत हा निकष अपुरा ठरतो. कारण रुग्ण ती वास्तू खाटेवर पडून अनुभवत असतो.

फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालयाची स्पर्धा १९२९ मध्ये आल्वार आल्टो यांनी जिंकली. निजलेल्या रुग्णाच्या नजरेचा विचार करून ठरविलेला छताचा रंग आणि पाणी पडताना आवाज न करणारी बेसिने ही त्या रचनेची वैशिष्ट्ये होत. तेथे सौंदर्य हे उपचाराचेच अंग झाले.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी लागलेल्या आगीत त्या दिवशी ११ कोविड रुग्ण मृत्युमुखी पडले. हा विभाग साथीच्या काळात नव्याने उभारलेला होता. त्यामुळे 'नवे ते आधुनिक' हे समीकरण टिकत नाही. श्वसनयंत्रावरील रुग्ण जिना उतरू शकत नाही. त्याला खाटेसह त्याच मजल्यावरील अग्निरोधक भिंतीपलीकडे हलवावे लागते. दारांची रुंदी, धूर बाहेर जाण्याची वाट आणि प्राणवायूच्या नळ्यांची मांडणी हे प्रश्न म्हणूनच मूळ आराखड्याचे आहेत. ते नंतरच्या परवान्यावर सोपविता येत नाहीत.

याच जिल्ह्यात जामखेड येथे आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने प्राथमिक आरोग्यसेवा गावातील स्त्रियांच्या हाती दिली. रुग्णालयाने काय करावे, याचा निर्णय त्याच्या आकाराआधी व्हावा, हा त्यातील बोध होय.

सारांश, स्पर्धेची गुणवत्ता विजेत्या चित्रावरून नव्हे, तर तिने स्पर्धकांना विचारलेल्या प्रश्नांवरून ठरते.